आपली घटना जुन्या वळणाची आहे का?

दरवर्षी 26 नोव्हेंबरला आमच्या शाळेत उद्देशिकेचे वाचन होते. प्रार्थनेच्या रांगेतच मुले हात पुढे करून ती म्हणतात, मग मुख्याध्यापकांचे चार शब्द, आणि पहिल्या तासाची घंटा. गेल्या वर्षी मात्र वादविवाद ठेवायचे ठरले. उर्दू आणि राज्यशास्त्र हे दोन्ही विषय आमच्याकडेच असल्याने विषय काढायचे कामही आमच्याकडे आले. आम्ही फळ्यावर उर्दूत लिहिले, ‘हमारा दस्तूर कदामतपसंद है या नहीं?’ आणि खाली मराठीत, ‘भारतीय राज्यघटना पुराणमतवादी आहे काय?’

दहावीतल्या एका मुलीने ‘आहे’ ही बाजू घेतली. दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन शिक्षकांच्या खोलीत आली. म्हणाली, “सर, घरी विचारलं तर दोन उत्तरं मिळाली. नाना म्हणतात, घटना जुनं सांभाळते, म्हणूनच आपला निकाह, आपला मदरसा, आपली शाळा टिकली. अम्मी म्हणते, जुनंच सांभाळायचं असतं तर नानीसारखं तुलाही चौथीनंतर घरी बसवलं असतं. मी काय लिहू?”

विषय आम्हीच काढला होता, पण त्या वेळी आम्हाला धड उत्तर देता आले नाही. “दोन्ही लिही,” असे शिक्षकी उत्तर देऊन आम्ही वेळ मारून नेली. नंतर पुस्तके काढून बसलो. तिला तेव्हा सांगायला हवे होते ते इथे मांडत आहोत.

आधी शब्दाचे बघू. आपल्या घरांत ‘कदामतपसंद’ हा शब्द कधी शिवीसारखा वापरला जातो, कधी शाबासकीसारखा. मुलीला सायकल घेऊन न देणारा बापही कदामतपसंद, आणि वडिलांपुढे आवाज न चढवणारा मुलगाही. राजकारणात या शब्दाला जरा नेमका अर्थ आहे. 1790 मध्ये इंग्लंडच्या एडमंड बर्क या खासदाराने फ्रान्समधल्या क्रांतीवर पुस्तक लिहिले, तेव्हापासून ही विचारधारा ओळखली जाते. तिचे म्हणणे थोडक्यात असे की समाज एका पिढीने कागदावर आखायची गोष्ट नाही. गेलेले, हयात असलेले आणि अजून जन्माला यायचे, या सर्वांचा तो मिळून एक करार असतो. म्हणून चालत आलेल्या संस्था मोडू नका, दुरुस्त करा. मालमत्तेला हात लावताना दहादा विचार करा. बदल करा, पण हळूहळू. बर्क बदलाच्या विरुद्ध नव्हता. बदलाला वाव ठेवला नाही तर जुने राखताही येत नाही, हे तो जाणून होता. त्याची भीती होती ती एका रात्रीत सगळे उलथून टाकणाऱ्यांची.

या मापाने मोजले तर नानांची बाजू कमजोर नाही. आपल्या घटनेचा बराचसा सांगाडा इंग्रजांच्या 1935 च्या कायद्यातून आलेला आहे. राज्यपाल, अध्यादेश, लोकसेवा आयोग, केंद्र आणि प्रांत यांच्यातील विषयांची वाटणी, आणीबाणीचे अधिकार, हे सगळे त्या कायद्यात होते. घटना समितीत यावर टीका झाली तेव्हा 4 नोव्हेंबर 1948 च्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती नाकारली नाही. उसने घेण्यात लाज वाटण्यासारखे काही नाही, घटनेच्या मूलभूत कल्पनांवर कुणाचा मालकी हक्क नसतो, असे त्यांनी सांगितले. म्हैसूरचे के. हनुमंतय्या शेवटच्या टप्प्यात बोलले, त्यात एक खंत होती. आपल्याला वीणा किंवा सतारीचे संगीत हवे होते, आणि मिळाले ते इंग्रजी बँडचे. हे वाक्य आम्ही दरवर्षी वर्गात सांगतो आणि मुले हसतात, कारण त्यांना लग्नाच्या वरातीतला बँड आठवतो.

अनुच्छेद 372 बघा. घटना लागू होण्याच्या दिवशी जे कायदे चालू होते ते बदलले किंवा रद्द केले जाईपर्यंत चालू राहतील, असे तो म्हणतो. म्हणजे 26 जानेवारी 1950 च्या सकाळी राजा गेला, पण त्याचे कायदे राहिले. 1860 ची दंडसंहिता अगदी जून 2024 संपेपर्यंत आपल्या कोर्टांत चालत होती. आमच्या आजोबांनी, अब्बांनी आणि आम्ही एकाच ‘चारसोबीस’चा शब्द वापरला तो यामुळे.

हक्कांच्या प्रकरणातही सावध हात दिसतो. एका हाताने स्वातंत्र्य दिले आहे आणि दुसऱ्या हाताने त्याला वाजवी निर्बंधांची वेसण घातली आहे. खटला न चालवता माणसाला डांबून ठेवण्याची सोय तर थेट मूलभूत हक्कांच्या प्रकरणात, अनुच्छेद 22 मध्ये आहे. बंगालचे कम्युनिस्ट सदस्य सोमनाथ लाहिरी 1947 मध्येच म्हणाले होते की हे हक्क एखाद्या पोलीस शिपायाच्या नजरेने लिहिल्यासारखे वाटतात. आपल्या मोहल्ल्यांतील ज्या घरांनी ‘प्रतिबंधात्मक’ हा शब्द वर्तमानपत्रात नव्हे तर दारात आलेल्या पोलिसाकडून ऐकला आहे, त्यांना याचा अर्थ समजावून सांगायला नको.

मालमत्तेचा हक्कही सुरुवातीला मूलभूत हक्क होता. त्याच्या आणि समतेच्या आधाराने जमीनदार कोर्टात गेले, 1951 मध्ये पाटणा उच्च न्यायालयाने बिहारचा जमीनदारी कायदा रद्द ठरवला, आणि घटना दीड वर्षाची होण्याआधीच तिला पहिली दुरुस्ती करावी लागली. उलट गरिबाला काम, पोटापुरते वेतन, शिक्षण या गोष्टी मार्गदर्शक तत्त्वांत गेल्या, ज्यांसाठी कोर्टाचे दार ठोठावता येत नाही. प्रा. के. टी. शहा यांनी त्यांची तुलना अशा चेकशी केली होती की जो बँकेला परवडेल तेव्हाच वटेल.

एवढे ऐकून मुलीने वही मिटली असती तर ती चुकली असती. कारण ज्या ठिकाणी खरा कस लागतो तिथे ही घटना जुन्याच्या बाजूने उभी राहत नाही.

1937 च्या निवडणुकीत प्रांतांमध्ये मिळून साधारण तीन कोटी लोकांनाच मताचा अधिकार होता. जमीन, कर, शिक्षण यांवर तो अवलंबून असे. 1951–52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मतदारयादी 17 कोटींच्या वर गेली. बर्कच्या शिष्याने हे दोन-तीन पिढ्यांत, पायरीपायरीने केले असते. इंग्लंडने तसेच केले. इथे एका ओळीत, अनुच्छेद 326 मध्ये, वयात आलेल्या प्रत्येकाला मत मिळाले. त्या काळी देशात लिहिता-वाचता येणारी माणसे पाचात एकही भरत नव्हती.

या यादीची एक गोष्ट आम्हाला फार बोलकी वाटते. नोंदणीला गेलेल्या कर्मचाऱ्यांना उत्तरेकडच्या अनेक बायका स्वतःचे नाव सांगेनात. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढेच. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी मान्य करायला नकार दिला. नाव सांगा, तरच मत. सुमारे 28 लाख स्त्रिया त्या वेळी यादीतून गळल्या. गळल्या हे वाईटच झाले, पण पुढच्या निवडणुकांत त्या स्वतःच्या नावाने येत गेल्या. अमक्याची बायको ही ओळख जुनी होती, अदबीची मानली जात होती, घरोघरी चालत होती. घटनेच्या यादीत मात्र तिला जागा नव्हती.

गावाचे तसेच. गांधीजींच्या अनेक अनुयायांना ग्रामपंचायत हा राज्याचा पाया हवा होता. यापेक्षा जुनी, देशी, परंपरेतली संस्था कोणती असणार? बाबासाहेबांनी ती कल्पना कठोर शब्दांत फेटाळली. गाव म्हणजे संकुचितपणाचे आणि अज्ञानाचे डबके, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता, आणि मसुद्याने गाव सोडून व्यक्ती हा घटक धरला याचे त्यांना समाधान होते. गावकुसाबाहेर वाढलेल्या माणसाला ते गाव काय होते हे ठाऊक होते. पुढे सदस्यांच्या आग्रहाखातर अनुच्छेद 40 मध्ये पंचायतींचा उल्लेख आला, पण पाया व्यक्तीचाच राहिला. अस्पृश्यता सतराव्या अनुच्छेदाने सरळ रद्द केली. हळूहळू नाही, समजूत घालून नाही. शतकानुशतकांची रूढी एका वाक्यात गुन्हा ठरली.

25 नोव्हेंबर 1949 च्या शेवटच्या मोठ्या भाषणात बाबासाहेबांनी अमेरिकेच्या जेफर्सनचा दाखला दिला. प्रत्येक पिढी हे जणू वेगळे राष्ट्र असते, तिला पुढच्या पिढीला बांधून ठेवण्याचा अधिकार नाही. बर्कच्या कराराच्या हे अगदी उलट. पण त्याच भाषणात त्यांनी असेही बजावले की आता घटनेचा मार्ग मोकळा झाला आहे, तेव्हा सत्याग्रह आणि कायदेभंग बाजूला ठेवावेत. हे ऐकून बर्क खूश झाला असता. एकाच माणसाच्या एकाच भाषणात दोन्ही सूर आहेत, आणि आम्हाला त्यात विसंगती वाटत नाही. साधने जपून वापरायची, पण ‘हे पूर्वीपासून आहे’ एवढ्याच कारणावर काही टिकू द्यायचे नाही. याच विचाराने त्यांनी के. टी. शहांची ‘समाजवादी’ शब्द घालण्याची सूचनाही नाकारली. पुढच्या लोकांनी आपली व्यवस्था कशी ठेवावी हे आपण आजच का ठरवायचे, असा त्यांचा प्रश्न होता. जुन्याची बेडी नको, तशी नव्याचीही नको. (तो शब्द पुढे 1976 मध्ये आणीबाणीत आला, ती वेगळी कहाणी.)

आता आपल्या घरात येऊ, कारण नानांचे म्हणणे शेवटी आपल्या घराविषयी होते.

घटना समितीतील मुस्लिम सदस्य एका सुरात बोलत नव्हते, हे आपण आपल्या मुलांना सहसा सांगत नाही. मसुदा समितीच्या सात जणांत आसामचे सय्यद मुहम्मद सादुल्ला होते. मौलाना हसरत मोहानींना मसुदाच पुरेसा क्रांतिकारी वाटत नव्हता, ते सोव्हिएत धर्तीच्या संघराज्याचे स्वप्न बघत होते आणि शेवटपर्यंत विरोध करत राहिले. बेगम ऐजाज रसूल यांनी मुसलमानांसाठी राखीव मतदारसंघ नकोत अशी बाजू घेतली. अशी तटबंदी अल्पसंख्याकांना कायमचे वेगळे पाडते, असे त्यांचे मत होते. मे 1949 मध्ये त्या जागा गेल्या. त्या निर्णयाचे फायदे-तोटे आपण आजही मोजतो आहोत, आणि आमच्या मते तोट्याची बाजू अजून कुणी प्रामाणिकपणे मोजलेली नाही.

23 नोव्हेंबर 1948 ला आजच्या अनुच्छेद 44 वर, म्हणजे समान नागरी कायद्यावर चर्चा झाली. मद्रासचे मुहम्मद इस्माईल आणि इतर काही सदस्यांनी सूचना मांडल्या की कोणत्याही समाजाला आपला वैयक्तिक कायदा सोडायला भाग पाडू नये. सूचना फेटाळल्या गेल्या. उत्तर देताना बाबासाहेबांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक दिलासा देणारी होती. पुढची संसद असा कायदा सुरुवातीला केवळ स्वखुशीने स्वीकारणाऱ्यांपुरता ठेवू शकेल. दुसरी आपल्याला जरा टोचणारी. शरीअत हा कायदा हिंदुस्थानातल्या सर्व मुसलमानांना आधीपासून लागू होता हे खरे नाही, असे सांगून त्यांनी वायव्य सरहद्द प्रांताचे आणि मलबारचे उदाहरण दिले. सरहद्द प्रांतात 1935 पर्यंत वारशाच्या बाबतीत शरीअत नव्हती, आणि उत्तर मलबारात मुसलमानांनाही मातृवंशीय रूढी लागू होती.

ते बरोबर बोलत होते. आणि त्यासाठी मलबारला जायची गरज नाही, मुंबई पुरे. 1847 मध्ये मुंबईच्या सर्वोच्च न्यायालयात खोजा घराण्यातील मुली आल्या. वडिलांच्या मालमत्तेत कुराणाने दिलेला हिस्सा द्या, एवढेच त्यांचे मागणे. समोर बसलेले मुसलमान पुरुष म्हणाले, आमच्यात मुलींना हिस्सा देण्याची चाल नाही. न्यायाधीश अर्स्किन पेरी यांनी रूढी ग्राह्य धरली. मुली हरल्या. कच्छी मेमनांच्या बाबतीतही तेच झाले. म्हणजे सूरह अन-निसा एका बाजूला, बापजाद्यांची चाल दुसऱ्या बाजूला, आणि जिंकली ती चाल. ही कदामत कुणाची? दीनची की तिजोरीची?

हा हिशेब सरळ व्हायला 1937 चा शरीअत कायदा यावा लागला. उलेमा त्याच्या बाजूने होतेच, पण विधेयकाबरोबरच्या निवेदनात मुस्लिम महिलांच्या संघटनांनी रूढीच्या कायद्याचा निषेध केल्याचाही उल्लेख आहे. ज्या कायद्याला आज आपण ‘जुने जपणारा’ म्हणतो तो त्या काळी जुने मोडण्यासाठी आला होता. तरी त्यातून एक गोष्ट वगळली गेली, शेतजमीन. कारण कायद्याचे होते, तो विषय प्रांतांकडे होता. परिणाम मात्र मुलींनी भोगला.

अनुच्छेद 372 ने हा 1937 चा कायदाही स्वतंत्र भारतात आणला. मग 1951 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात नरसू अप्पा माळी यांचा खटला आला. तो हिंदूंच्या द्विभार्या बंदीचा होता, पण निकाल सर्वांना लागू पडला. मुख्य न्यायमूर्ती छागला आणि न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांनी म्हटले की वैयक्तिक कायदे हे अनुच्छेद 13 मधल्या ‘कायदे’ या शब्दात येत नाहीत, म्हणून मूलभूत हक्कांच्या कसोटीवर ते रद्द करता येणार नाहीत. नाना ज्या संरक्षणाबद्दल बोलतात त्याचा एक मोठा खांब हा निकाल आहे. त्यावर अलीकडे शंकाही घेतल्या जाऊ लागल्या आहेत. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका दमातला तीन तलाक तीन विरुद्ध दोन मतांनी रद्द केला, तेव्हा त्या तिघांतल्या एका न्यायमूर्तींनी दिलेले कारण घटनेपेक्षा कुराणाचे होते. जे कुराणाच्या शिकवणीविरुद्ध ते शरीअतमध्ये चांगले कसे ठरेल?

हे वाचून काही वाचक म्हणतील की घरातली उणीदुणी बाहेर काढायची ही वेळ नाही. बाहेर हवा कशी आहे ते आम्हालाही दिसते. समान कायद्याच्या गप्पा मारणाऱ्या सगळ्यांच्या पोटात आपल्या मुलींविषयी कळवळा आहे, इतके भोळे आम्ही नाही. अनुच्छेद 48 च्या चर्चेत झेड. एच. लारी यांनी फार स्पष्ट बोलून ठेवले आहे. बहुसंख्याकांना गोवधबंदी हवीच असेल तर तसे उघडपणे घटनेत लिहा, संदिग्ध ठेवून नंतर लोकांना त्रास देऊ नका. त्यांचे ऐकले गेले नाही. घटनेतले जुने जपणारे कलम सगळ्यांचे जुने सारखे जपत नाही, हे खरेच आहे. पण म्हणून आपल्या घरातल्या मुलीचा हिस्सा थांबवून ठेवायचा का?

आमची शाळा अनुच्छेद 30 वर उभी आहे. आमचा पगार त्याच अनुच्छेदाच्या दुसऱ्या पोटकलमामुळे होतो, कारण अल्पसंख्याक संस्था म्हणून अनुदान नाकारता येत नाही. तेव्हा नानांच्या उत्तराचे मीठ आम्हीही खातो. अम्मीचे उत्तर मात्र आमच्या घरात अजून पूर्ण उतरलेले नाही, ते असे.

आमचे दादा 1989 मध्ये वारले. गावाला थोडी भातजमीन आणि आंब्याची काही झाडे. अब्बा, चाचा आणि एक फुफी. चाळीसाव्याच्या फातिहानंतर पाहुणे गेले, आणि ओसरीवर कागद आला. हक्कसोडपत्र. फुफीचे लग्न झालेले होते, घर बरे होते, आणि “भावांकडून जमीन घेणारी बहीण माहेरी कुठल्या तोंडाने येणार” हे वाक्य कुणीतरी बोलले. कुणी दमदाटी केली नाही. सर्वांनी प्रेमाने वागवले. फुफींनी सही केली. तिचा हिस्सा भावाच्या निम्मा होता, फुकटची मेहरबानी नव्हती, हे तिथे बसलेल्या हाफिजसाहेबांना माहीत होते आणि अब्बांनाही. आम्ही तेव्हा लहान होतो. पण नंतर बीएड झाले, राज्यशास्त्र शिकवायला लागलो, वर्गात समतेवर तास घेतले, तरी तो कागद काढून बघायचे सुचले नाही. अब्बा गेल्यावर त्यांच्या वाट्याची जमीन आमच्या आणि भावाच्या नावावर झाली.

त्या मुलीने वादविवादात ‘आहे’ची बाजू मांडली आणि शेवटी स्वतःहून म्हणाली, “घटना जुनं ठेवते, पण त्याचं कारण विचारते.” परीक्षकांनी तिला दुसरा क्रमांक दिला. बाजू सोडली म्हणून गुण कापले, असे नंतर कळले. नियमाने ते बरोबरच होते.

गेल्या ईदला फुफींकडे गेलो होतो. सत्तरी ओलांडली आहे, शीरखुर्मा अजून स्वतः करतात. आम्ही चाचरत त्या कागदाचा विषय काढला. आठवतो का, विचारले. त्या म्हणाल्या, “न आठवायला काय झालं? सगळ्या बायकांचे अंगठे असायचे बेटा, मी सही केली होती. दादांनी चौथीपर्यंत शिकवलं होतं ना मला.” मग वाटीत आणखी एक पळी वाढली.

सातबाऱ्याचा उतारा आमच्या कपाटात आहे. दिवाळीच्या सुटीत भाऊ पुण्याहून येणार आहे, तेव्हा तो त्याच्यापुढे ठेवणार आहोत. चाचांच्या मुलांशीही बोलावे लागेल. भाऊ काय म्हणेल, ठाऊक नाही.